कोयत्याच्या मुठीचं पेन

लाकडाचं पेन करणं फारसं अवघड नाही. ते लाकडाचंच आहे हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड. हे ज्ञान मला फार उशिरा झालं, म्हणजे उभं आयुष्य नागापूरच्या एमआयडीसीत लोखंड कातून झाल्यावर.

निवृत्त माणसानं काय करावं याबद्दल आमच्या नगरमध्ये फारसे पर्याय नाहीत. सोसायटीच्या पाण्यावरून भांडावं, नाहीतर सकाळी फिरायला जाऊन दुसऱ्यांच्या शुगरची चौकशी करावी. मला दोन्ही जमेना. मी टर्नर माणूस. समोर काहीतरी गरगर फिरत असल्याशिवाय माझं डोकं जागेवर राहत नाही. शेवटी भंगारवाल्याकडून एक जुना लहान लेथ आणला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. बायकोनं एकच अट घातली, भुसा घरात येता कामा नये. अट मी पाळतो. भुसा पाळत नाही.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांना थोडक्यात सांगतो. अंगठ्याएवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा घ्यायचा, मधोमध भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची आणि तो लेथवर फिरवत पटाशीनं कातायचा. मनासारखा आकार आला की पॉलिश पेपर मारायचा, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. रिफिल, क्लिप, टोक हे सगळं बाजारात तयार मिळतं. इथपर्यंतचं काम हातात थोडं वळण असलेला कोणीही शिकेल. खरी परीक्षा त्यापुढे, फिनिशची. लाकडावर शेवटी काय चोळायचं, तेल की मेण की पॉलिश, आणि कसं, हा तो प्रश्न. पेन म्हणजे काही देव्हाऱ्याचा पाट नव्हे की एकदा पॉलिश केलं आणि लांबून नमस्कार केला. पेनाला दिवसभर घामट बोटं लागतात. लोक ते कानात घालतात, पाठ खाजवतात, विचार करताना चावतात. एवढं सगळं सोसून त्यानं वर चमकतही राहावं अशी अपेक्षा असते. आपल्याकडे पूर्वी अशी अपेक्षा फक्त सुनेकडून असायची.

लोखंडाला एक शिस्त असते. मायक्रोमीटर लावला, माप घेतलं, संपलं. लाकूड मे महिन्यात एक माप सांगतं आणि जुलैत दुसरंच. पहिल्या वर्षी मी मायक्रोमीटर बिघडला असं समजून तो दोनदा दुरुस्तीला नेला. दुरुस्तीवाल्यानं दुसऱ्या वेळी मला बसायला खुर्ची दिली आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं.

फिनिशच्या बाबतीतही मी कंपनीतल्या सवयीनं उतरलो, म्हणजे जो दोष दिसेल तो प्रयोगानं काढायचा. आधी जवसाचं तेल लावलं. लाकूड सुंदर दिसतं त्यानं, खोल आणि ओलसर, पण वाळायचं नाव घेत नाही. शेडपासून स्वयंपाकघरापर्यंत जवसाचा वास सुटला. एवढ्या जवसात चटणी तरी झाली असती, असं बायको म्हणाली. मग मधमाश्यांचं मेण. हिवाळ्यात ते पेन घेतलेल्या लोकांनी मला दुवा दिला आणि मे महिन्यात खिशाला तेलकट ठसे पडलेले शर्ट आणून दाखवले. नगरच्या उन्हाळ्यात जिथं रस्त्याचं डांबर मऊ होतं तिथं मेणाचा काय पाड लागणार होता.

त्यानंतर चपडी. जुने सुतार फर्निचरला जे स्पिरिट पॉलिश करायचे ते हेच. लाखेचे पातळ पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि कापडाच्या बोळ्यानं हात मारत जायचं. चपडीसारखी सोशिक वस्तू नाही. कशालाही चिकटते, लवकर वाळते आणि लाकडाचा खरा रंग वर आणते. तिच्यावर माझा इतका जीव जडला की पहिलं चांगलं पेन मी आमच्या डॉक्टरांना भेट दिलं. डॉक्टर दर पेशंटनंतर हाताला सॅनिटायझर चोळतात. सॅनिटायझर म्हणजे नात्यानं स्पिरिटचा सख्खा भाऊ. आठवड्याभरात पेनाचं पॉलिश डॉक्टरांच्या बोटांवर आलं आणि पेन उघडं पडलं. डॉक्टर सज्जन, काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या वेळी माझी औषधाची चिठ्ठी त्यांनी प्लॅस्टिकच्या पेनानं लिहिली.

मग मी हट्टाला पेटलो. बोटं चिकटवणारा जो झटपट गोंद मिळतो, त्याचे पातळ हात फिरत्या लाकडावर देता येतात. वाळला की वर काचेसारखा थर येतो. पाणी, घाम, स्पिरिट, कशालाच दाद देत नाही. शिकताना मी एकदा पेनाला आणि पेन मला असे चिकटलो, आणि बायकोला नेलपॉलिश काढायचं औषध आणायला शेजारी जावं लागलं. पण जमल्यावर मात्र काय झळाळी आली म्हणता. कडुनिंबाच्या लाकडाची डझनभर पेनं घेऊन मी शिर्डीला एका दुकानदाराकडे गेलो. त्यानं ती हारतुऱ्यांच्या बाजूला मांडून ठेवले. महिन्यानं गेलो तर सगळी जागेवर.

दुकानदार म्हणाला, "काका, माल एक नंबर आहे. पण भाविक हातात घेतात, म्हणतात प्लॅस्टिकला लाकडाचा रंग दिलाय. तुम्ही थोडं कमी चांगलं बनवा ना."

इतकी वर्षं ज्या चमकेसाठी मी मर मर मेलो, ती आल्यावर लाकूडच दिसेनासं झालं. तेव्हापासून मी प्रत्येक पेनाच्या टोकाशी नखाएवढी जागा पॉलिश न करता सोडू लागलो. गिऱ्हाईक तिथं नख लावून बघतं, लाकूडच आहे म्हणतं आणि घेतं. सगळी मेहनत एका बाजूला आणि न केलेलं काम एका बाजूला. विकलं जायचं ते न केलेल्या कामावर.

आता ज्या पेनासाठी हे लिहायला बसलो त्याकडे येतो.

डॉक्टरांच्या दवाखान्यात सविता नावाची नर्स आहे. पाथर्डीकडच्या एका गावची, ऊसतोड मजुराची मुलगी. आईबाप टोळीबरोबर कारखान्यावर गेले की ही गावात मावशीकडे राहून शिकली. माझं ब्लडप्रेशर तीच मोजते आणि आकडा जास्त आला की मलाच रागावते. एका संध्याकाळी ती शेडवर आली आणि साखरेच्या रिकाम्या पिशवीतून तिनं एक कोयता काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी दचकलो. ब्लडप्रेशरचा आकडा इतकाही वाढला नव्हता.

कोयता तिच्या वडिलांचा, दगडूबांचा. पातं घासून घासून अर्ध्यावर आलं होतं. मूठ बाभळीची, काळीभोर आणि बोटांच्या जागी आत दबलेली. आबांना आता टोळीबरोबर जाऊ देणार नाही, असं तिनं सांगितलं. नगरच्या बाहेर एक छोटा प्लॉट ठरवला होता, वर दोन खोल्या होत्या, आणि तो ती वडिलांच्या नावावर घेणार होती. दसऱ्यानंतर खरेदीखत होतं. त्यावर दगडूबांनी सही करावी एवढी तिची इच्छा होती.

त्या माणसानं जन्मात कधी सही केली नव्हती. मुकादमाकडे अंगठा, कारखान्यावर अंगठा, रेशनला अंगठा, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावरही अंगठा. सवितानं जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर त्यांना नाव गिरवायला शिकवलं होतं. घरात जमायचं. पण दुसरं कोणी बघत असलं की हात कापायचा, आणि दगडूबा सगळा दोष पेनावर ढकलायचे. पेन बारीक हाय, हातात घावतच न्हाई, असं म्हणायचे. तेव्हा तिला वाटलं, ज्या मुठीची हाताला सवय आहे तिचंच पेन केलं तर?

"काका, त्या दिवशी चार लोकांत त्यांनी अंगठा लावला ना, तर ते परत पेन हातात धरणार नाहीत," ती म्हणाली. "मी ओळखते त्यांना. पुन्हा विषयसुद्धा काढू देणार नाहीत."

मी काम घेतलं. खरं सांगायचं तर दगडूबांच्या सहीपेक्षा मला त्या लाकडाचा मोह पडला होता. इतकी वर्षं हातात मुरलेली बाभूळ लेथवर चढवायला कुठं मिळते?

मुठीतून पातं ओढून काढलं तर आत भोक तयारच. लोहार तापवलेली सळई घालून पातं बसवतो, त्यामुळे आतून लाकूड जळून कोळसा झालेलं. कातायला लागलो तसा शेडमध्ये काकवीचा वास सुटला. एवढ्या हंगामांचा उसाचा रस त्या लाकडात मुरला होता, लेथच्या फिरण्यानं लाकूड तापलं की तो बाहेर यायचा. सकाळी बघतो तर टेबलावर मुंग्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी माझं अर्धवट पेन. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या कामावर एवढी गर्दी लोटली होती, त्यामुळे हाकलायला जिवावर आलं.

पण फिनिश बसेना. रस, घाम, गोडतेल, काय काय त्या लाकडात मुरलं होतं देवास ठाऊक. जवसाचं तेल लावलं तर आठ दिवसांनीही बोटाला चिकचिक. गोंदाचा थर दिला तो सापाच्या कातेसारखा सुटून आला. लॅकर मारलं तर जागोजागी देवीचे व्रण पडावेत तसे खड्डे. प्रत्येक वेळी मी पेपर मारून पुन्हा मूळ लाकडावर यायचो, आणि पेन दर खेपेला थोडं बारीक व्हायचं. दगडूबांची मूळ तक्रारच पेन बारीक असल्याची.

अशात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. कंपनीत होतो तेव्हा मशीनला झेंडूचे हार घालायचो, आता शेडमधला लेथ असतो. मी आंघोळ करून येईपर्यंत बायकोनं पूजा सुरू केली होती. लेथला हळद-कुंकू, पटाशांना हळद-कुंकू, आणि टेबलावर जे जे सापडेल त्याला. त्यात पेपर मारून उघडं ठेवलेलं ते पेन. हळद लावून झाली होती, कुंकवाचं बोट पुढे येत होतं, तेवढ्यात मी ओरडलो. सणासुदीला ओरडल्याबद्दल मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

हळद काढायला मी स्पिरिटचा बोळा फिरवला. हळद निघाली नाही, स्पिरिटबरोबर सरळ लाकडात उतरली. आणि ती काळपट बाभूळ सोन्यासारखी उजळली. मी बघतच राहिलो. बाभळीचे दोरे एकेक वेगळे दिसत होते. मग मी हळदीचा आणखी एक हात दिला, तो वाळल्यावर वर चपडीचे पातळ हात दिले, आणि काय आश्चर्य, चपडी बसली. कशालाही चिकटते असं मी म्हणालो होतो, तिनं माझा शब्द राखला. हे माझं खास संशोधन आहे, असं मी सविताला सांगितलं. बायको तिथंच चहा घेऊन उभी होती. तिनं कप जरा जोरात ठेवला.

खरेदीखताच्या दिवशी मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. दगडूबांना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. उंच, वाळलेले, पांढरी टोपी, नवा शर्ट. मुलीच्या लग्नाला आल्यासारखे अवघडून उभे होते. कचेरीत गर्दी होती, नंबर यायला वेळ होता. आम्ही बाहेर लिंबाखाली थांबलो. सविता कागदपत्रं बघत होती, तेवढ्यात दगडूबांनी शर्टाच्या खिशातून तंबाखूची पुडी काढली, चुन्याच्या डबीत अंगठा घातला आणि तळहातावर मळायला सुरुवात केली. मन थाऱ्यावर नसलं की माणूस जरा जास्तच मळतो. मी ते पाहत होतो. सगळं डोळ्यांसमोर चाललं होतं आणि माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

आत गेल्यावर कारकुनानं कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि सवयीनं शाईचा पॅडही सरकवला. सवितानं तो उलट सरकवला. दगडूबांनी खिशातून पेन काढलं. हातात धरताना त्यांची बोटं आपापल्या जागी बसली, कोयता धरावा तशी. मागे रांगेतले लोक थांबून बघायला लागले. सविता तर भिंतीकडे बघत होती.

त्यांनी लिहायला सुरुवात केली. द, मग ग, मग ड. ऊकार देताना जीभ दाताखाली. आणि शेवटी वरची रेघ एका दमात ओढली, उसाची मोळी आवळून बांधावी तशी. एका पानावर झाली, मग दुसऱ्या पानावर, मग तिसऱ्या. कारकुनानं घाई केली नाही. मला त्या अनोळखी माणसाचे आभार मानावेसे वाटले. दगडूबांच्या कपाळावर घाम होता, पण हात कापत नव्हता. शेवटच्या पानावर सही झाली तेव्हा सविता वळली, आणि किंचाळलीच, "आबा, रक्त!"

पेनावर, जिथं अंगठा होता तिथं, लालभडक डाग होता. तिनं वडिलांचा हात पालथा केला, उताणा केला, बोटं चाचपली. जखम कुठंच नव्हती. अंगठा नुसता लाल. कारकून उठून उभा राहिला, कोणीतरी पाणी आणलं.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. हळदीत चुना घातला की कुंकू होतं. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, मला फक्त पेनाच्या बाबतीत आठवलं नव्हतं. वरून चपडी, तीही चुन्यापुढे विरघळते. घामेजलेला चुन्याचा अंगठा एवढी पानं होईपर्यंत त्या पॉलिशमध्ये दाबून बसला होता. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. रांगेतल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मी कुंकू लावत होते तेव्हा ओरडलात. लागलंच ना शेवटी?"

पण कचेरीतलं काम अजून संपलं नव्हतं. सह्या झाल्यावर फोटो काढतात आणि अंगठा मशीनवर ठेवायला सांगतात. काचेखाली उजेड लागतो, अंगठ्याच्या रेषा कॉम्प्युटरमध्ये जातात. सविताचा चेहरा उतरला. एवढ्या सह्या केल्यावर पुन्हा अंगठा कशाला, असं तिनं तडकून विचारलं. कारकून बिचारा म्हणाला की ताई, आता सगळ्यांचाच घेतात, शिकलेल्यांचाही. तो स्वतःही रोज हजेरीला अंगठाच लावतो, असंही त्यानं सांगितलं. मी लावला. वकिलांनी लावला. विकणाऱ्यानंही लावला. आमचे सगळ्यांचे झटक्यात उठले.

दगडूबांचा उठेना. हात धुऊन झाले, पुसून झाले, जोरात दाबून झालं, हलक्यानं ठेवून झालं. मशीन प्रत्येक वेळी नकाराचा आवाज काढायचं. आता काम पुढच्या तारखेला जातं की काय, अशी कुजबुज सुरू झाली. दगडूबा त्या काचेकडे बघत होते.

"सही शिकलो तवा ह्यास्नी आंगठा पायजे," ते म्हणाले, "आन आंगठा द्याया गेलो तर त्यो बी न्हाई ऱ्हायला."

हसले ते. आम्ही कोणी हसलो नाही. शेवटी आतल्या साहेबांना विचारून एकेक बोट ठेवून बघितलं आणि डाव्या हाताची करंगळी चालली. खरेदीखत झालं. पेढे वाटले. दगडूबांनी पेढा डाव्या हातात धरला होता आणि उजवा हात शर्टाला पुसत होते.

चार-पाच दिवसांनी ते एकटेच शेडवर आले. पेन रुमालात बांधलेलं होतं. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पेन भिंगाखाली धरलं. पॉलिशमध्ये राहिलेला बारीकसा ओरखडा दिसावा म्हणून मी घड्याळजीचं भिंग वापरतो. आमच्या धंद्यात सगळी मारामारी रेषांची आहे. खरखरीत पेपरच्या रेषा बारीक पेपरनं घालवायच्या, त्याच्या रेषा त्याहून बारीक पेपरनं, आणि शेवटी भिंगाखालीही एक रेष दिसली नाही की समजायचं फिनिश झालं. माझ्याकडून तसं क्वचितच होतं. कुठंतरी एखादी राहतेच.

पेनावर उठलेल्या त्या लाल अंगठ्यात एकही रेष नव्हती. कडेला कोयत्याच्या जुन्या जखमेचा एक आडवा वण होता, बाकी सगळं सपाट, गुळगुळीत. मी भिंग मागेपुढे केलं, उजेडाकडे धरलं, पण काही नाही. बाभळीच्या मुठीनं त्यांच्या अंगठ्याला हंगामामागून हंगाम पेपर मारला होता. मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी मला तो ठसा विलक्षण सुंदरही वाटला. माझ्यातला निवृत्त माणूस जागा झाला. मी त्यांना म्हणालो की हा डाग मी काढत नाही, यावर पारदर्शक थर देतो, कायमचा राहील. ही तुमच्या कष्टांची खूण आहे, वगैरे.

दगडूबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मिस्त्री, तुमास्नी बरं दिसत आसंल त्ये," ते म्हणाले. "म्या जलमभर त्योच उठीवत आलो. खरडा त्यो."

मी पेन उघडून लेथवर चढवलं आणि पेपर धरला. आधी चपडी गेली, मग हळद, मग तो लाल. पेपरवर आणि खाली पत्र्याच्या ताटलीत तांबूस भुकटी पडत गेली. डाग मला वाटला होता त्यापेक्षा खोल होता, पण गेला. बाभूळ पुन्हा तिच्या मूळच्या काळपट रंगावर आली. मी सगळ्यात बारीक पेपर मारला, सुती कापडानं पुसलं आणि यावेळी वर काहीही लावलं नाही. तेल नाही, मेण नाही, पॉलिश नाही. या लाकडाला जे काही लावायचं ते आधीच लावून झालेलं होतं.

पेन जोडून मी त्यांच्या हातात दिलं. कुठं काही टोचतंय का, अंगठा फिरवून बघा, म्हणालो. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो, तोंडातून गेलं.

दगडूबांनी अंगठा फिरवला, एकदा वर, एकदा खाली. मग पेन माझ्यापुढे धरलं. "तुमीच बघा. मपल्या आंगठ्याला कायबी कळत न्हाई आता."

मी बघितलं. चांगलं झालं होतं. तसं सांगितल्यावर त्यांनी टेबलावरचा रिफिलच्या खोक्याचा पुठ्ठा ओढला आणि त्यावर सही केली. कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या कागदाला लागणार नव्हती. सावकाश, रेघ शेवटी. पुठ्ठा लांब धरून, मान तिरकी करून त्यांनी ती पाहिली. मग पेन खिशाला लावलं, क्लिप नीट बसली का ते चाचपलं आणि उठले.

दारात थांबून त्यांनी ताटलीतल्या लाल भुकटीकडे बोट दाखवलं. "त्यो आंगठा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," ते म्हणाले, आणि चप्पल घालून निघून गेले.